बाईंचा कॉफीचा मळा

बाई कॉफी उभ्याने प्यायच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीशी, ओट्याला कंबर टेकून, आणि कप रिकामा होईपर्यंत एक अक्षर बोलायच्या नाहीत. मुलुंड पूर्वेला त्यांच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये मी पेइंग गेस्ट म्हणून राहायला गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांना विचारलं, "बाई, गरम पाणी कुठल्या बादलीत काढू?" उत्तर नाही. मला वाटलं, ऐकू कमी येत असेल. म्हणून जवळ जाऊन मोठ्याने विचारलं. तरी नाही. कप विसळून पालथा घातल्यावर त्या वळल्या आणि म्हणाल्या, "लाल बादली. आणि मी बहिरी नाही. कॉफी पीत होते."

मी देवगडकडची. घाटकोपरच्या एका ऑफिसात मला नोकरी लागली होती आणि ओळखीतून या बाईंचं घर मिळालं होतं. निघताना आईने बजावलं होतं, "बाईंक उलट उत्तर देव नको गो." ते बजावणं फुकट गेलं, कारण उलट उत्तर द्यायला समोरच्याने आधी लांबलचक बोलावं लागतं. बाईंचं वाक्य सुरू होऊन संपलेलं असायचं.

त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. भाजीवाला, पोस्टमन, बिल्डिंगचे सेक्रेटरी, सगळ्यांच्याच त्या बाई होत्या. संध्याकाळी दहावीची पाच-सहा मुलं शिकवणीला यायची. ती बसायची स्वयंपाकघरात, कारण तिथे काळी शहाबादी फरशी होती आणि बाई खडूने तिच्यावरच लिहायच्या. मी ऑफिसातून आले की चहा करायला आत जायची सोय नसायची. एकदा तशीच घुसले तर त्या ओरडल्या, "अगं, प्रमेयावर पाय देऊ नकोस! अजून सिद्ध व्हायचंय." मी भिंतीला चिकटून, त्रिकोणाला वळसा घालून गॅसपर्यंत पोचले. मुलं तोंड दाबून हसत होती.

लग्नाला त्या आहेर म्हणून कुकरची रिंग द्यायच्या. नुसती रिंग, खाकी कागदात गुंडाळून. "कुकर सगळे देतात. रिंग कोणी देत नाही. आणि अडतं ते रिंगेपाशी." माझ्या समोर एका नव्या नवरीने ते पुडकं उघडलं आणि तिचा चेहरा पडला. दोन वर्षांनी तीच मुलगी पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, रिंग लागली हं उपयोगाला." बाई म्हणाल्या, "लागणारच."

होळीच्या आसपास घरात एक गोणी यायची. त्यात कॉफीचे कच्चे दाणे असायचे, फिकट हिरवट, वासाला काहीच नाही. बाई शनिवारी दुपारी गॅलरीत स्टोव्ह पेटवायच्या, त्यावर लोखंडी कढई ठेवायच्या आणि आठवड्यापुरते दाणे भाजायच्या. धूर वरच्या मजल्यापर्यंत जायचा. एकदा सेक्रेटरी आले आणि अवघडून म्हणाले, "बाई, लोकांची कम्प्लेंट आहे. वास येतो."

"वास तुमच्या गटाराला येतो. त्याची कम्प्लेंट लिहून घ्या," बाई म्हणाल्या आणि उलथनं हलवत राहिल्या.

कुठून येतात दाणे, असं कोणी विचारलं की त्या सांगायच्या, "आमच्या मळ्यातले. चिखलदऱ्याचे." मग ठरलेला प्रश्न यायचा, "कॉफी? महाराष्ट्रात? काहीतरीच काय बाई!" त्यावर त्या एवढंच म्हणायच्या, "भूगोल कच्चा आहे तुमचा." पण अमरावतीच्या वर, सातपुड्याच्या डोंगरात, थंड हवेच्या गावी खरोखर कॉफी होते, हे बिल्डिंगमध्ये कोणालाच पटत नसे. मलाही नाही. शेजारच्या काकू तर मला जिन्यात गाठून म्हणाल्या होत्या, "मळा आहे म्हणतात, नवरा आहे म्हणतात. गळ्यात मंगळसूत्र आहे. पण बघितलाय का कोणी? ना मळा, ना नवरा!"

एका रविवारी दुपारी आम्ही दोघी परातीत दाणे निवडत बसलो होतो, तेव्हा मी धीर केला.

"बाई, काका तिकडेच असतात का?"

"तिकडेच. भांडुपला कंपनीत होते आधी. लग्नानंतर सहा-सात वर्षं तिथेच भाड्याने राहिलो दोघं. हे घर मी नंतर घेतलं. सासरे गेले तेव्हा मळ्याची व्यवस्था लावायला दोन महिन्यांची रजा घेऊन गेले. अजून लावतायत."

"आणि तुम्ही?"

"माझी शाळा होती. आई होती अंथरुणाला खिळलेली. मूलबाळ नाही. त्यांना डोंगर सुटेना, मला शाळा सुटेना." त्यांनी एक किडका दाणा उचलून बाजूला टाकला. "भांडण झालं असतं तर बरं झालं असतं गं. मिटवता तरी आलं असतं."

दर डिसेंबरात बाई चिखलदऱ्याला जायच्या. एकच दिवस. कल्याणहून रात्रीच्या गाडीने बडनेरा, तिथून अमरावती, मग परतवाड्यावरून घाट चढणारी एसटी. सकाळी पोचायचं, दिवसभर मळ्यात फिरायचं आणि संध्याकाळच्या एसटीने खाली उतरायचं. मुक्काम कधीच नाही.

"एवढं लांब जाता तर राहत का नाही?" मी विचारलं.

"एक मुक्काम केला की दुसऱ्या दिवशी निघायला कारण लागतं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे नसतं."

त्या वर्षी होळीला आलेल्या गोणीवर बाई नाराज होत्या. पहिलाच घाणा भाजताना त्या कढईत वाकून बघत राहिल्या. निम्मे दाणे छान तपकिरी झालेले आणि मधेमधे काही पिवळटच राहिलेले. त्यातला एक त्यांनी चावून बघितला, मला दिला. कच्च्या शेंगदाण्यासारखा लागला.

"हिरवी फळं तोडलीत," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी थोडी होती. आता फारच आहेत. हा माणूस असं करणार नाही." मग वर्षभर शनिवारी कढई चढली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पिवळे दाणे त्या एकेक वेचून काढायच्या आणि फेकून न देता वाटीत ठेवायच्या. पुटपुटायच्या, "डिसेंबरात बघते."

डिसेंबर आला आणि जाण्याच्या आठवडाभर आधी पंखा पुसताना स्टुलावरून पडून बाईंचा डावा हात मनगटात मोडला. प्लॅस्टर चढलं. मी म्हटलं, या वर्षी राहू दे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रजेचा अर्ज दिला.

घाट चढताना मी खिडकीतून बघत होते. सागाची वाळकी पानं, खाली दऱ्या आणि वर जावं तशी बोचरी होत जाणारी थंडी. मुंबईच्या हिशेबाने घेतलेला माझा स्वेटर कुचकामी ठरला. स्टँडवर उतरले तर समोर मफलर गुंडाळलेले, उंच, किंचित पोक आलेले गृहस्थ उभे होते. ते थेट माझ्यासमोर आले आणि हसून म्हणाले, "आली का? गाडी टाइमवर आली आज."

मी गोंधळले. बाई माझ्या मागून उतरत होत्या. त्या म्हणाल्या, "मी इथे आहे. ही माझ्याकडे राहते ती मुलगी."

"हो हो. तेच म्हणून राहिलो मी," काका म्हणाले आणि घाईने माझी पिशवी घेतली. मला हसू आलं. बाई हसल्या नाहीत.

मळा गावापासून थोडा बाहेर होता. उतारावर उंच सिल्व्हर ओक आणि त्यांच्या सावलीत छातीएवढी कॉफीची झाडं, गडद हिरवी, तकतकीत पानांची. फांदीला चिकटून फळांचे घोसच्या घोस. काही हिरवे, काही पिवळे, काही कुंकवासारखे लाल. मी चक्क थांबले. शेजारच्या काकूंना इथे आणून उभं करावं, असं वाटलं.

टिनाच्या छपराचं दोन खोल्यांचं घर होतं. काकांनी चुलीवर कॉफी केली. कप देताना त्यांनी आधी बोटांनी टेबलाची कड चाचपली आणि मग कप ठेवला. ती दोघं उभ्यानेच प्यायली. काका दाराशी, बाई खिडकीशी, आणि कप रिकामे होईपर्यंत कोणी बोललं नाही. मधे खाटेवर बसलेली मी एकटीच फुंकर मारत सुर्रकन आवाज करत होते.

कप ठेवून बाई बाहेर गेल्या. अंगणात ताडपत्रीवर फळं वाळत घातली होती. तोडणीला गावातल्या दोन बायका येत. टोपली रिकामी झाली की कच्ची फळं वेगळी काढायचं काम काकांचं. बाईंनी धडधाकट हात राशीत घातला आणि मूठ वर काढली. निम्मी हिरवी.

"या वर्षी पाऊस मागंपुढं झाला ना," काका म्हणाले. "तोडणीतच गडबड झाली थोडी."

बाईंनी राशीतली दोन फळं घेतली, तळहातावर ठेवली आणि हात त्यांच्यासमोर धरला. एक लालभडक होतं, एक हिरवं.

"यातलं पिकलेलं कुठलं?"

काकांनी हात पुढे केला, एक फळ दोन बोटांत धरून दाबलं, दुसरं दाबलं. मग लाल फळ उचलून म्हणाले, "हे."

"दाबू नका. बघून सांगा." बाईंनी हात मागे घेतला, फळांची अदलाबदल केली आणि पुन्हा पुढे धरला.

काका बघत राहिले. कुठेतरी एक पाखरू एकसारखं ओरडत होतं. शेवटी ते म्हणाले, "दोन्ही सारखेच दिसतात मले."

"कधीपासून?"

"दोन-तीन वर्षं झाली असतील. आधी धुकं वाटे. इथं धुकं असतेच, म्हणून ध्यानात आलं नाई. मंग उन्हातही धुकंच."

"मोतीबिंदू आहे. मुंबईत रोज शेकड्याने काढतात. मला सांगितलं का नाही?"

काका खाली ताडपत्रीवर बसले. त्यांनी फळांच्या राशीवरून हात फिरवला. "सांगितलं असतं तर तू मले खाली नेलं असतं."

"अर्थात."

"अन् एकदा उतरलो असतो तर मी वर आलो नसतो. माह्या बापानं लावलेली झाडं आहेत. मी गेलो की चार महिन्यांत जंगल होते इथं. म्हातारा माणूस खाली गेला की त्याले कोणी वर सोडत नाई. पाहिलं आहे मी."

बाई वळून मळ्यात गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी आणि काका ताडपत्रीपाशी बसलो. मी हिरवी फळं वेचून काढू लागले. ते म्हणाले, "राहू दे पोरी, तुझा दिवस फिरायचा आहे. देवी पॉइंट पाहून ये." मी म्हटलं, "इथेच बरं आहे काका."

बाई परत आल्या तेव्हा सावल्या लांबल्या होत्या आणि साडीला काटे-कुसळं चिकटली होती.

"कपडे भरा," त्या काकांना म्हणाल्या. "संध्याकाळच्या गाडीने ही तुम्हाला घेऊन जाईल. मुलुंडला नाक्यावर डोळ्यांचे डॉक्टर आहेत, त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी."

"तोडणी अर्धी राहिली आहे. कोण पाहणार?"

"मी."

काकांनी मान वर केली. "तू? इथं?"

"दुसरं कोण आहे?"

"तुहा हात मोडला आहे."

"डोळे आहेत ना. हिरवं आणि लाल मला कळतं. चूल कशी पेटवायची ते जाण्याआधी दाखवा."

"अन् मी परत नाई आलो तर?"

"याल," बाई म्हणाल्या. "मी इथे अडकून पडलेय म्हटल्यावर तुम्हाला यावंच लागेल. तुम्ही मला ओळखता. मला इथे फार दिवस राहवत नाही."

काका हसायला लागले. बाई मात्र गंभीर होत्या. मी तोवर त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. स्टँडवर आम्हाला सोडायला आल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा आणि पदर पुन्हा पुन्हा सारखा करणं चाललेलं. घराच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "मुलांचे समरूप त्रिकोण झालेत. वर्तुळ तू घे."

"मी? बाई, मला कुठे येतंय!"

"येतं. वर्तुळाला घाबरू नकोस, त्याला कोपरे नसतात."

एसटी वळली तेव्हा मी मागे बघितलं. रिकाम्या स्टँडवर प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवलेल्या बाई एकट्याच उभ्या होत्या. काकाही मान वळवून त्याच दिशेला बघत होते. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

मुलुंडला जिन्यातच काकू भेटल्या. त्यांनी काकांना नखशिखांत न्याहाळलं आणि मला विचारलं, "हे कोण गं?" मी तोंड उघडायच्या आत काकाच म्हणाले, "मी बाईंचा नवरा. लई दिवसानं आलो." काकूंचा चेहरा मला अजून आठवतो. त्या दिवशी संध्याकाळी काकांच्या जेवणाचा डबा त्यांच्याकडून आला, आणि पुढे रोज येत राहिला.

एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तेव्हा डोळ्याला आठवडाभर पट्टी असायची, मग काळा चष्मा, आणि नंबरचा चष्मा मिळायला महिना-दीड महिना लागायचा. तेवढे दिवस काका हॉलमधल्या खुर्चीत बसायचे. मी फरशीवर खडूने वर्तुळं काढायचे आणि चुकायचे, मुलं मला सुधारायची. काका आतल्या आवाजांकडे कान देऊन असायचे.

पट्टी असतानाच एका सकाळी ते भिंत धरत स्वयंपाकघरात आले. "तुही बाई कॉफी कुठं पिते?"

मी त्यांना खिडकीशी नेऊन उभं केलं.

"इथून काय दिसते?"

"समोरची बिल्डिंग. तिची मागची बाजू. पाण्याचे पाइप."

"अन् त्याच्या पलीकडं?"

"काही नाही काका. बिल्डिंगच दिसते."

ते ओट्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "मले वाटे, काहीतरी दिसत असेल. ते सोडून ये म्हणणं बरं नाई, असं वाटे." मी गॅस बारीक केला.

बाईंचा मधे एकदा ट्रंक कॉल आला, काकूंच्या घरी. घरघरीतून त्यांचा आवाज आला, "त्यांना विचार, वाळलेली लाकडं कुठल्या कोपऱ्यात ठेवलीत. मला सगळी ओलीच मिळतायत. आणि वर्तुळ झालं का?" मी हो म्हटलं. "डोळा?" मी बरा आहे म्हटलं. "हं," म्हणाल्या आणि फोन कट झाला.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. ती दोघं कायमची एकत्र राहिली नाहीत. बिल्डिंगची तशी फार इच्छा होती. होळीच्या आधी काका डोंगरावर परत गेले, पुढच्या वर्षी दुसऱ्या डोळ्यासाठी आले आणि पुन्हा गेले. बाईंचं चिखलदऱ्याला जाणं मात्र एका दिवसाचं राहिलं नाही. शिकवणीच्या मुलांची परीक्षा संपली की त्या जायच्या आणि कधी परतणार ते सांगायच्या नाहीत. परत आल्यावर निघायला काय कारण मिळालं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. लग्न होऊन मी बोरिवलीला गेले, तेव्हा मलाही कुकरची रिंग मिळाली. आता दोघंही नाहीत. मळा त्यांच्या पुतण्याने ठेवलाय असं ऐकते.

पण बाईंचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढे येते ती तोडणी संपवून त्या परत आल्या ती सकाळ. काकांना आदल्याच दिवशी जाड भिंगांचा चष्मा मिळाला होता आणि ते घरभर फिरून कॅलेंडरवरच्या तारखासुद्धा मोठ्याने वाचत होते. बेल वाजली. मी दार उघडलं. दारात बाई. हाताचं प्लॅस्टर गेलेलं, चेहरा उन्हाने रापलेला, साडीला चुलीच्या धुराचा वास, हातात जड पिशवी. त्या आत पाऊल टाकणार तोच काका खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "थांब."

बाई थांबल्या. पायात चप्पल तशीच.

"काय झालं?"

"पाहू दे."

"काय बघायचंय त्यात? दर वर्षी मळ्यावर येते की मी."

"तेव्हा तू एका जागी उभी कुठं राहते," काका म्हणाले.

जिन्यातून कोणीतरी दूध घेऊन वर गेलं. मी दाराची कडी धरून तशीच उभी राहिले. काका जवळ आले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि सावकाश त्यांचा चेहरा बघू लागले. केस, कपाळ, डोळ्यांखालच्या सुरकुत्या. वर्गात चाळीस मुलांना एका नजरेने गप्प करणाऱ्या बाई कुठे बघावं ते न कळून माझ्याकडे, मग जमिनीकडे बघायला लागल्या.

"झालं का बघून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाई."

"मग बघा," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.